आरोग्यशिक्षण आणि सुवार्ता : एकाच बैठकीत असावे का?

ओलीवाट
नमस्कार. आमच्या चर्चच्या मंडळीतील बारा-तेरा जणांचा गट गेली दोन वर्षे एका गरीब वस्तीत दर आठवड्याला जातो. आतापर्यंत तेथे गीते, प्रार्थना आणि पवित्र शास्त्रातील एखादा धडा, एवढेच होत असे. काही महिन्यांपूर्वी त्या वस्तीतील नऊ महिन्यांचे एक बाळ जुलाबाने दगावले. आम्ही सांत्वनाला गेलो, प्रार्थना केली आणि परत येताना आमच्यातील एक जण म्हणाली, "या घरी आपण वीस वेळा तरी आलो असू, पण जुलाब झाल्यावर बाळाला काय पाजायचे, हे एकदाही सांगितले नाही." तेव्हापासून आमच्यापैकी कोणालाच स्वस्थ वाटत नाही.

आता आरोग्यशिक्षण सुरू करायचे, यावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो पद्धतीवर. निम्मे म्हणतात की, एकाच बैठकीत आधी आरोग्याचा धडा आणि मग वचनाचा, म्हणजे पवित्र शास्त्राचा धडा असावा, कारण माणूस शरीर आणि आत्मा असा दोन भागांत विभागलेला नसतो. उरलेले म्हणतात की दिवस आणि जागा वेगळी असावी, नाहीतर लोकांना हे आमिष वाटेल. आमच्यात डॉक्टर कोणीही नाही. परिचर्येचे शिक्षण घेणारी एक मुलगी तेवढी आहे. ज्यांनी असे काम केले आहे, पाहिले आहे किंवा ज्यांचा अशा कामालाच विरोध आहे, त्या सर्वांची मते हवी आहेत.

पांढरी_टोपी
मी निवृत्त परिचारिका आहे आणि आयुष्यातील बरीच वर्षे मिशनच्या रुग्णालयात गेली. तुमच्या प्रश्नाचा क्रम मला उलटा वाटतो. बैठक एक की दोन हे नंतर ठरवा. आधी शिकवायचे काय आणि ते तुम्हाला स्वतःला येते का, ते पाहा.

जुलाबाचेच उदाहरण घ्या. क्षारसंजीवनीचे (ओआरएस) पाकीट मिळत असेल तर तेच वापरावे, पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात ते कालवावे आणि 24 तासांनंतर उरलेले पाणी फेकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. यातला "सपाट" हा शब्द गाळला की धडा धोक्याचा होतो, कारण मीठ जास्त झालेले पाणी लहान बाळाला अपाय करते. त्याशिवाय अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार बंद करायचा नाही, हे सांगावे लागते, कारण पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवण्याची समजूत फार पक्की असते. सहा महिन्यांवरील बाळाला जस्ताची (झिंक) 20 मिलिग्रॅमची मात्रा 10 ते 14 दिवस देतात, पण ती आरोग्य केंद्रातून मिळवून द्यावी. तुम्ही वाटू नये. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले, पिणे थांबले किंवा शौचातून रक्त गेले, तर पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठायचा.

डॉक्टर नाही म्हणून घाबरू नका. 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांतून उपलब्ध करून दिले आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांनीच त्यांना पाजले. कॉलऱ्याने त्या काळी अशा छावण्यांत दहातले तीन दगावत असत. तेथे हे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. तेव्हा सामान्य माणसाच्या हाताने हे काम होते, यात शंका नाही. फक्त त्या हाताला माप कळले पाहिजे.

साशंक
माझा विरोध आहे, आणि तो आडपडदा न ठेवता मांडतो. मी ख्रिस्ती नाही, ख्रिस्तद्वेष्टाही नाही. लहानपणी आजारी बहिणीला घेऊन आई एका धर्मादाय दवाखान्यात जात असे. तेथे औषधाची खिडकी प्रार्थना संपल्यावर उघडत असे. प्रार्थनेला बसलेच पाहिजे, असे कोणीही कधी म्हटले नाही. पण खिडकी आधी उघडतही नसे. आईच्या मांडीवर तापाने फणफणलेले मूल असताना तिला उठून जाण्याचे कोणते स्वातंत्र्य होते? तुम्ही "आधी आरोग्य, मग वचन" असा क्रम लावला तरी अडचण तीच राहते; धडा ऐकून लगेच उठून जाणे म्हणजे कृतघ्नपणा, असे त्या गरीब बाईला वाटणारच.

देणारा आणि घेणारा यांच्या बळात एवढे अंतर असते, तेव्हा सक्ती करण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

तेलाचा_दिवा
साशंक यांचा मुद्दा ख्रिस्ती माणसाने रागावून नव्हे, शास्त्र उघडून ऐकावा. लूकच्या शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात आणि आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. "बाकीचे नऊ कोठे आहेत?" असे येशू विचारतो खरा, पण त्या नवांचा रोग परत आल्याचे कोठेही लिहिलेले नाही. बरे होणे दहाही जणांचे होते आणि ते परत येण्याच्या अटीवर दिलेले नव्हते. माझ्या मते तुमच्या गटाने हाच उतारा आधी आपसांत वाचावा, वस्तीत नव्हे.

अर्धविराम
दहापैकी एक परतला, म्हणजे दहा टक्के. हल्लीच्या सेवाकार्याच्या अहवालात एवढा आकडा आला असता, तर पुढील वर्षाचे अनुदान निश्चित होते.

दूरचा_पाहुणा
धागाकर्त्यांच्या गटातील पहिला पक्ष जे म्हणतो, त्याची एक रूढ पद्धत आहे, तिची माहिती देतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. तिला इंग्रजीत कम्युनिटी हेल्थ इव्हँजेलिझम, म्हणजे वस्तीतील आरोग्यकामाबरोबर सुवार्ताप्रसार, असे म्हणतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत स्टॅन रोलँड यांनी ती उभी केली आणि नंतर ती अनेक देशांत गेली. बाहेरून आलेला प्रशिक्षकांचा छोटा गट वस्तीतच एक समिती घडवतो, ती समिती स्वयंसेवक निवडते आणि ते स्वयंसेवक घरोघरी जाऊन आरोग्याचे आणि श्रद्धेचे, दोन्ही धडे देतात. धडा व्याख्यानाने सुरू होत नाही, एखादे छोटे नाट्य किंवा चित्र दाखवून "काय दिसले? असे का होते? आपल्याकडे होते का? मग काय करायचे?" असे प्रश्न विचारले जातात.

त्यातले नदीचे नाट्य प्रसिद्ध आहे. एक जण दुसऱ्याला पाठीवर घेऊन नदी ओलांडू लागतो, मध्येच दमतो आणि त्याला पात्रातल्या बेटावर सोडून निघून जातो. पाठीवर बसलेल्याला ना पुढे जाता येते, ना मागे. नंतर दुसरा येतो आणि तिसऱ्या माणसाला कोणत्या दगडावर पाय ठेवायचा ते दाखवत, त्याच्याच पायांनी पलीकडे नेतो. दान आणि शिक्षण यांतला फरक मला इतक्या थोडक्यात दुसरीकडे कोठेही सापडला नाही. मी हे काम जवळून पाहिले आहे. जेथे समिती खरोखर वस्तीची होती तेथे ते टिकले आणि जेथे समिती म्हणजे पाळकांचेच नातेवाईक होते, तेथे प्रशिक्षक गेल्यावर सहा महिन्यांत ते बंद पडले.

खडूफळा
वर सांगितलेल्या पद्धतीतील प्रश्नोत्तरांचा भाग उत्तम आहे. परंतु शिक्षक म्हणून मला एका बैठकीत दोन धडे बसवण्याची भीती वाटते. मी एका संस्थेसाठी अशा धड्यांचे मूल्यमापन केले होते. पिण्याच्या पाण्याच्या धड्याला योहानाच्या 4 थ्या अध्यायातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट जोडलेली होती, कारण तेथे "जिवंत पाणी" हे शब्द येतात. तीन आठवड्यांनी मी बायकांना विचारले, तेव्हा ती गोष्ट जवळजवळ सगळ्यांना आठवत होती. पाणी उकळायचे की नुसते गाळायचे, हे चौघींपैकी तिघींना आठवत नव्हते. एक आजी तर म्हणाल्या, "जिवंत पाणी प्यायचे, असे ताईंनी सांगितले होते ना?" जंतूंच्या धड्याचा एवढा पूर्ण पराभव मी दुसरा पाहिला नाही.

गोष्ट नेहमीच सूचनेवर मात करते. म्हणून दोन्ही महत्त्वाचे असेल, तर दोन्हींना स्वतंत्र वेळ द्या. हे मी धर्मनिरपेक्षतेसाठी नव्हे, केवळ स्मरणशक्तीच्या हिशोबाने सांगतो आहे.

चित्रांबद्दलही सावध राहा. प्रशिक्षणात एक किस्सा हमखास सांगितला जातो : कार्यकर्त्याने माशीचे हातभर मोठे चित्र दाखवून रोगाचा प्रसार समजावला आणि लोक म्हणाले, "बरे झाले, आमच्याकडच्या माश्या एवढ्याशाच आहेत." किस्सा खरा असो वा नसो, मोठे करून काढलेले चित्र, बाणांच्या खुणा आणि फुलीचे चिन्ह हे वाचायला शिकावे लागते, हे आपण शाळेत गेलेले लोक विसरतो.

मीठ_साखर
हातभर माशी असेल, तर आधी माशीसाठीच प्रार्थनासभा घ्यावी लागेल.

जुने_दप्तर
चर्चेत इतिहास आलेला नाही, तो थोडा मांडतो, कारण हा प्रश्न नवा नाही. मिशनचे वैद्यकीय काम बराच काळ रुग्णालयकेंद्री होते. वेल्लोरला मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांनी 1900 साली एका खाटेपासून सुरुवात केली आणि पुढे काही वर्षांतच त्या रस्त्याकडेला थांबून फिरता दवाखाना चालवू लागल्या, म्हणजे भिंतीबाहेर पडण्याची धडपड तेव्हाही होती. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चर्चच्या वैद्यकीय पैशाचा फार मोठा भाग इमारती आणि उपचार यांवरच जात होता. 1964 मध्ये जर्मनीतील ट्युबिंगन येथे झालेल्या विचारविनिमयात याच गोष्टीवर बोट ठेवले गेले : आरोग्यदान हे केवळ डॉक्टरांचे काम नसून संपूर्ण मंडळीचे काम आहे, असा विचार तेथे मांडला गेला. त्यातूनच पुढे 1968 मध्ये जागतिक चर्च परिषदेचा ख्रिश्चन मेडिकल कमिशन हा विभाग स्थापन झाला.

या कमिशनने ज्या प्रयोगांना पाठबळ दिले त्यांत डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचा 1970 साली सुरू झालेला जामखेडचा प्रकल्प होता. गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून घडवणे, हा त्याचा कणा. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवरील संकलन प्रसिद्ध केले, त्यात जामखेडचा समावेश होता. आणि 1978 च्या अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेची जी कल्पना आली, तिच्या मागे या मंडळींच्या अनुभवाचा मोठा वाटा होता. ख्रिस्ती सेवाकार्य आणि आरोग्यशिक्षण यांचा संयोग झाला तर काय होऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

साशंक
जामखेडचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे, तुमच्या नव्हे. आरोळे दांपत्याची प्रेरणा ख्रिस्ती होती, ते त्यांनी कधीही लपवले नाही; पण सेविका सर्व समाजांतील होत्या आणि आरोग्याच्या धड्यापुढे वचनाचा धडा जोडलेला नव्हता. प्रेरणा धार्मिक असण्याला माझा विरोध नाहीच. बाळंतिणीच्या खाटेशी जाऊन प्रचार करण्याला आहे.

जुने_दप्तर
मान्य. फक्त एक पुरवणी जोडतो. त्या प्रकल्पात पाण्याच्या कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या गेल्या, त्यामुळे पाणी हवे असेल तर इतरांनाही तेथे जावे लागले. यात एकही वचन उच्चारलेले नाही. पण ही कृती सुवार्ता नव्हे, असे मी म्हणणार नाही. तुम्ही प्रचाराची जी व्याख्या करता, ती फक्त बोलण्यापुरती आहे.

साशंक
ही सुवार्ता असेल, तर ती मला चालेल. पाणी पिऊन झाल्यावर नाव नोंदवायला सांगू नका, म्हणजे झाले.

पाळकपुत्र
माझे वडील पाळक होते आणि मी लहानपणापासून अशा वस्त्यांत त्यांच्याबरोबर फिरलो. साशंक यांना आमिषाची काळजी वाटते. मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते, जिच्याबद्दल येथे अजून कोणी बोललेले नाही. ती म्हणजे आरोग्याचा धडा आणि आरोग्यासाठीची प्रार्थना यांची एकमेकांशी पडणारी गाठ.

एका मंडळीत (आमच्या नव्हे, पण जवळच्या) क्षयरोग झालेला एक गृहस्थ होता. दोन महिने गोळ्या घेतल्यावर त्याचा खोकला थांबला, वजन वाढले, आणि त्याने उपासनेत उभे राहून साक्ष दिली की प्रभूने मला बरे केले. सगळ्यांनी देवाची स्तुती केली. मग साहजिकच त्याने गोळ्या सोडल्या, कारण बऱ्या झालेल्या माणसाने औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे कोणी तरी त्याच्या मनात भरवले होते. पुढे काय झाले ते सांगण्याची गरज नाही. त्या पाळकांनी औषध सोड असे कधीही म्हटले नव्हते. मात्र औषध सोडू नको, असेही व्यासपीठावरून म्हटले नव्हते.

वडिलांनी त्यानंतर नियम केला. साक्ष देणाऱ्या आजारी माणसाला ते सर्वांसमोर विचारत, "गोळ्या किती महिन्यांच्या राहिल्या आहेत?" आणि उरलेल्या महिन्यांसाठी प्रार्थना करत. सुरुवातीला काही जणांना तो अविश्वास वाटला. वडील म्हणत, लूक हा वैद्य होता, कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. प्रेषितांच्या सोबत वैद्य चालतो, तर तुमच्या सोबत गोळी का चालू नये?

कानातली_नळी
पाळकपुत्र यांच्या वडिलांना माझा नमस्कार. डॉक्टर म्हणून दुजोरा देतो : साध्या क्षयरोगाचा उपचार रूढ पद्धतीने सहा महिन्यांचा असतो, आणि पहिल्या काही आठवड्यांतच रुग्णाला बरे वाटू लागते, हेच त्यातले संकट आहे. अर्धवट सोडल्यास रोग उलटतो आणि औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंना वाव मिळतो. अपस्माराचेही तसेच. झटके येणाऱ्या मुलाला भूत लागले म्हणून कोंडून ठेवलेले मी पाहिले आहे, आणि ते मूल नियमित औषधावर शाळेत गेलेलेही पाहिले आहे. योहानाच्या 9 व्या अध्यायात शिष्य विचारतात की, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? येशू दोन्ही नाकारतो. तो उतारा प्रत्येक आरोग्य-स्वयंसेवकाने पाठ करावा, एवढे एक नास्तिक सांगतो आहे.

धागाकर्त्यांना मर्यादाही सांगून ठेवतो. स्वयंसेवकाने ओळखायचे, शिकवायचे आणि पाठवायचे; उपचार करायचा नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीच्या तपासणीला पाठवा. लहान मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला शिका : दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो, वाट पाहू नका. पिशवीत प्रतिजैविकांची पट्टी ठेवू नका, सुई तर मुळीच नको. वस्तीत तुम्हाला महिन्याभरात "डॉक्टरताई" म्हणू लागतील आणि ते ऐकायला फार गोड वाटते. तेथेच सांभाळायचे असते.

आकडेमोड
एक माहिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 मधील एका अहवालानुसार आफ्रिकेतील आरोग्यसुविधांपैकी 30 ते 70 टक्के धर्माधारित संस्थांच्या आहेत. तेव्हा हे काम नकोच म्हणणाऱ्यांनी पर्याय काय, तेही सांगावे.

अर्धविराम
30 ते 70 हा अंदाज नसून उंबरठ्यापासून छपरापर्यंतची जागा आहे. ताप 30 ते 70 अंश आहे, असे कोणी सांगितले तर कानातली_नळी काय करतील?

कानातली_नळी
तापमापक बदलेन. आणि त्या आकड्यांवर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे, हेही नोंदवतो. देशागणिक परिस्थिती फार वेगळी आहे. परंतु आकडेमोड यांचा मूळ मुद्दा फेटाळण्यासारखा नाही. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती, तेव्हा प्रेताला स्नान घालण्याच्या आणि स्पर्श करण्याच्या अंत्यविधींतून संसर्ग पसरत होता. संरक्षक पोशाखातील पथके येऊन प्रेत उचलून नेत, म्हणून लोक मृत्यूच लपवू लागले. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक चर्च परिषद, कॅरितास, इस्लामिक रिलीफ अशा संस्थांबरोबर बसून नवी पद्धत ठरवली आणि "सुरक्षित दफन" याऐवजी "सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन" हा शब्दप्रयोग आला. कुटुंबाला दुरून प्रार्थना करू दिली, धर्मगुरूंनी स्पर्शाशिवायचा विधी मान्य केला. तेथे आरोग्य आणि श्रद्धा वेगळ्या दिवशी ठेवता आली नसती. म्हणजे सरसकट वेगळे ठेवा, हाही नियम होऊ शकत नाही.

साशंक
हे उदाहरण मला विचार करायला लावणारे आहे, कबूल करतो. त्यात फरक एवढाच की, तेथील श्रद्धा लोकांची स्वतःची होती, बाहेरून आणलेली नव्हती.

शिवाय मी थोडे वाचन केले. 1994 मध्ये रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी जी आचारसंहिता स्वीकारली तिच्यात मदतीचा उपयोग विशिष्ट राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी करू नये, असे आहे. त्याहून मला आश्चर्य वाटले ते 2011 च्या एका दस्तऐवजाचे. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवाद विभाग आणि जागतिक इव्हँजेलिकल संघ यांनी मिळून ख्रिस्ती साक्षीविषयी तो काढला. लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा गैरफायदा घेण्याला ख्रिस्ती साक्षीत स्थान नाही, असे त्यात म्हटले आहे; बरे करण्याच्या सेवेत लोकांच्या हतबलतेचा लाभ उठवला जाऊ नये, असेही आहे. म्हणजे माझी हरकत तुमच्याच घरात मंजूर झालेली आहे.

तेलाचा_दिवा
झालेली आहे. तो कागद घराघरांत पोहोचायचा मात्र राहिला आहे.

पायरीवरची
इतका वेळ वाचत होते. आता लिहिते, कारण येथे सगळे देणाऱ्यांच्या बाजूने बोलत आहेत. साशंक, तुम्हीसुद्धा. मी अशाच एका वस्तीत वाढले. आमच्याकडे दर आठवड्याला लोक येत, गाणी म्हणत, गोष्ट सांगत आणि नंतर नखे, केस, दात तपासत. आमच्या आया भोळ्या नव्हत्या. कोण कशासाठी येते, हे त्यांना पहिल्या दिवशी कळले होते. माझी आई गाणी आवडत म्हणून बसत असे, शेजारीण साबण मिळे म्हणून बसत असे, आणि समोरच्या घरातील बाई कधीच आली नाही आणि तिचे काही बिघडले नाही. गरीब माणसाला "नाही" म्हणताच येत नाही, असे ठरवून टाकणे हाही एक प्रकारे त्याला लहान करणेच आहे.

पण मला बोचले ते वेगळेच. मला खरूज झाली होती आणि त्या ताईंनी सर्व मुलांसमोर माझा हात वर धरून, "पाहा, स्वच्छता नसली की असे होते" असे सांगितले. आमच्या सहा घरांना मिळून एक नळ होता आणि तो दिवसातून एक तास चालत असे. मी अस्वच्छ नव्हते, पाणी नव्हते. पुढच्या गोष्टीत त्यांनी "देव तुमच्यावर प्रेम करतो" असे सांगितले, तेव्हा माझा हात पाठीमागे लपवलेला होता. त्यामुळे बैठक एक असो की दोन, धडा देताना समोरच्याला लाज वाटेल असे काही बोलू नका, आणि पाणी नसलेल्या माणसाला हात धुण्याचा उपदेश करण्याआधी नळासाठीच्या अर्जावर त्याच्याबरोबर सही करा.

खरूज गेली ती साबणाने नव्हे. आरोग्य केंद्रातील परिचारिकेने घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लावायला लावले तेव्हा ती गेली.

पांढरी_टोपी
पायरीवरची, तुमचे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. असे हात मीही वर धरले असतील. खरजेचे तुम्ही अगदी बरोबर सांगितले : ती कातडीत घर करणाऱ्या बारीक किड्यामुळे होते, अंगाला अंग लागून पसरते, आणि घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार केले नाहीत तर परत येते. मळाशी तिचा संबंध लोक समजतात त्याहून फार कमी आहे.

अर्धविराम
एकदा विनोद बाजूला ठेवून लिहितो. मी अशा कामांचे अहवाल तपासण्याचे काम काही वर्षे केले आहे. अहवालात जो रकाना असतो, काम हळूहळू त्या रकान्याच्या दिशेने वळते. "किती जणांनी (ख्रिस्ताला स्वीकारण्याचा) निर्णय घेतला" असा रकाना असेल, तर सर्वांत साधा, सज्जन स्वयंसेवकसुद्धा जुलाबाचा धडा घाईने उरकतो. "किती माता पाणी मोजून करून दाखवू शकतात" असा असेल, तर तोच स्वयंसेवक चमचा घेऊन बसतो. ओलीवाट, तुम्हाला पैसा कोठून येणार आहे आणि तो देणारा काय मोजणार आहे, हे आधी विचारून घ्या. एक बैठक की दोन, याचे उत्तर पुष्कळदा तेथेच ठरून गेलेले असते.

ओलीवाट
सर्वांचे मनापासून आभार. पायरीवरची यांचा प्रतिसाद मी गटात मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर चर्चा लगेच सुरू झाली नाही.

आमचे ठरले ते असे. पैसा मंडळीच्याच दानातून आहे, त्यामुळे रकाना आमच्या हाती आहे. त्यात निर्णयाची नोंद राहणार नाही. आरोग्याची बैठक वेगळ्या दिवशी घ्यायची आणि ती आमच्या नेहमीच्या जागी न घेता वस्तीतल्याच कोणाच्या अंगणात घ्यायची. आम्ही कोण आहोत आणि का येतो, हे कोणी विचारले तर सरळ सांगायचे, न विचारता सांगायचे नाही. प्रार्थना हवी असेल त्याच्याबरोबर त्याच्या घरी जाऊन करायची. परिचर्या शिकणारी मुलगी आणि जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका यांनी आम्हा सर्वांना आधी दोन महिने शिकवायचे, हे त्या दोघींनी मान्य केले आहे. आमच्यातील तिघांना हे पटलेले नाही. दिवस वेगळा करणे म्हणजे ख्रिस्ताला दाराबाहेर उभे करणे, असे त्यांचे म्हणणे आहे. ते गटात आहेत आणि वादही चालू आहे.

धडा कोणता, हे आम्ही पहिल्यांदाच वस्तीतील बायकांना विचारले. आम्हाला वाटले होते, त्या जुलाब म्हणतील. त्यांनी आधी सांगितले की तुमची वेळ बदला, त्या वेळेला नळ येतो. दोन वर्षे आम्ही नळाच्या वेळेला गीते गात होतो आणि कोणी बोलले नाही. त्यानंतर त्यांनी खोकल्याचे विचारले, कारण वस्तीत तिघांना बरेच दिवस खोकला आहे. तिघांनाही परवा तपासणीला घेऊन जाणार आहोत. जुलाबाचा धडा त्यानंतरच्या आठवड्यात घेऊ. त्यासाठी मोजमापाचे चमचे आणि लिटरचे भांडे आम्ही सोबत नेणार आहोत. आणखी काही लागेल का?

पांढरी_टोपी
चमचे आणि भांडे घरी ठेवा. प्रत्येकीला तिच्या घरातला चमचा आणि तिच्या घरातली बाटली आणायला सांगा. लिटरचे माप एकदा दाखवून तिच्या बाटलीवर खूण करा आणि पाणी तिच्याच हाताने करवून घ्या. मग ते चाखायला सांगा. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून पुन्हा करायचे. तुमचा चमचा तुमच्याबरोबर परत जाईल, आणि रात्री दोन वाजता बाळाला जुलाब सुरू होतील तेव्हा तिच्याजवळ तिचाच असेल.